मोतीरामजींची अकोल्याची बाई

मोतीराम तायडे एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाले आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांचं अकोल्याला एका बाईकडे जाणं सुरू झालं. अमरावतीतल्या वडाळीकडच्या त्या गल्लीला बऱ्याच दिवसांत चघळायला काही नव्हतं, ते मिळालं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशीला ताजा कलप, काखेत रेक्झिनची बॅग, आणि स्टँडकडे जाणाऱ्या ऑटोत स्वारी बसलेली. जन्मभर ग्रीसनं काळे झालेले हात घेऊन घरी आलेला माणूस असा नटून निघाला की भाजी निवडणाऱ्या बायका भाजी तशीच ठेवून दारात येत.

शेवटी शेजारच्या पार्बताबाईंनी मोतीरामजींच्या बायकोला, सुंदराबाईंना, नळावर गाठलंच.

"कावो, भाऊ अकोल्याले कोनाकडे जातेत?"

"हाय एक बाई," सुंदराबाई हंडा लावत म्हणाल्या.

"आन् तुले चालते?"

"न चालाले काय झालं? फुकट थोडीच जातेत. फी देऊन जातेत."

त्यानंतर आठवडाभर गल्लीत दुसरा विषय नव्हता.

खरी गोष्ट एवढी रंगीत नव्हती. बाईंचं नाव नईमा. चष्मा, सुती ओढणी, तोंडावर हसू बेताचंच. अकोल्याच्या रतनलाल प्लॉट भागात एका दातांच्या दवाखान्याच्या वर त्यांचं छोटं ऑफिस होतं. आधी त्या बँकेत होत्या. आता लोकांनी आपले पैसे कुठे ठेवावेत हे सांगायच्या आणि सांगण्याची फी घ्यायच्या. पॉलिसी विकायची नाही, फंड विकायचा नाही, कुठल्या कंपनीचं कमिशन घ्यायचं नाही. सेबीकडची रीतसर नोंदणी भिंतीवर टांगलेली. एवढंच प्रकरण होतं, पण एवढ्यानं गल्लीचं पोट कसं भरणार?

मोतीरामजींना त्या भेटल्या कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेत. रिटायर होणाऱ्यांसाठी तिथं भाषण ठेवलं होतं आणि भाषणानंतर दह्यातला गिला वडा होता, म्हणून मोतीरामजी गेले. भाषण बरंचसं डोक्यावरून गेलं, पण एक वाक्य डोक्यात बसलं. बाई म्हणाल्या होत्या, "कोणी पैसे गुंतवायला सांगितलं की त्याला एवढंच विचारा: माझी सही झाल्यावर तुम्हाला पैसे कोण देणार?"

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा वापरलं ते श्यामवर. श्याम म्हणजे सुंदराबाईंचा धाकटा भाऊ, पॉलिसीवाला. भाऊजींची रिटायरमेंट जवळ आली तशी त्याला बहिणीची माया दाटून आली होती. दर रविवारी यायचा.

"भाऊजी, इथं सही करा. डबल होऊन भेटते."

"करतो ना. पन सही झाल्यावर तुले पैसे कोन देते?"

"कंपनी देते."

"कंपनीले कोन देते?"

श्यामनं बहिणीकडे पाहिलं. "ताई, भाऊजीले काई होऊन राहिलं का?"

"आताच तं रिटायर झाले," सुंदराबाई म्हणाल्या. "राहीन थोडे दिवस असं."

श्यामनं पोहे अर्धे ठेवले आणि भेट म्हणून आणलेलं कंपनीचं कॅलेंडर जाताना परत नेलं.

आता एसटीच्या माणसाची पेन्शन म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात एसटी आहे त्यांनाच ठाऊक. गॅसची टाकी, लाइटबिल आणि किराण्याच्या अर्ध्या पिशवीत ती संपते. खरा आधार म्हणजे फंड आणि ग्रॅच्युइटीचे एकरकमी आलेले अठ्ठावीस लाख. गल्लीच्या हिशेबात ते पन्नास होते आणि पार्बताबाईंच्या हिशेबात ऐंशी. मोतीरामजींनी आयुष्यात एवढा पैसा पाहिला नव्हता आणि पुन्हा पाहणार नव्हते. तो पुरला तर म्हातारपण निभेल, नाही पुरला तर नाही. मुलगी एकच, गीतांजली. तिला मोर्शीला दिलेली.

अमरावतीतही सल्ला देणारे होते. एक तर म्हणाला, आपल्याकडे फी नाहीच, सगळं फुकट. मोतीरामजींनी त्याला तो प्रश्न विचारला तर त्यानं चहा मागवला. तो चहा पिऊन मोतीरामजी निघून आले. अकोल्याची बाई त्यांनी निवडली ती तिच्या हुशारीसाठी, असं ते सांगायचे. पण आतली कारणं दोन. रिटायर माणसाच्या पासवर एसटी फुकट होती, आणि अकोल्यात त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं. अमरावतीत एका टोकाला शिंकलं की दुसऱ्या टोकाला काढा उकळतो.

सुंदराबाईंना मात्र फीचं पटेना. "थे बाई तुमाले देनार काय?"

"सल्ला."

"मने बोलाचे पैसे? डॉक्टरनं सुई नाई टोचली तं तुमी त्याले फी देत नाई. गोळी लिहून देल्ली तरी म्हनता, यानं काई केलंच नाई."

हे खरं होतं. मोतीरामजी सुई न टोचणाऱ्या डॉक्टरकडे दुसऱ्यांदा जात नसत. तरी ते अकोल्याला गेले, आणि फीचे पैसे रुमालात बांधून नेले.

"मॅडम, थोडं पाहा. आमी कामगार मानूस."

"काका, फी कमी केली तर उरलेलं मला दुसरीकडून कमवावं लागेल," नईमा म्हणाल्या. "मग तुम्ही मला तोच प्रश्न विचाराल. आणि रुमाल आत ठेवा, फी खात्यावर टाका. पावती देते."

मोतीरामजी खूश झाले. पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचे रोख पैसे परत केले होते.

मग बाईंनी विचारायला सुरुवात केली. बाप किती वर्षं जगला, आई किती. कोणाला साखर, कोणाला बीपी. घर कोणाच्या नावावर. सुंदराबाईंचं वय काय. त्या नऊ वर्षांनी लहान होत्या.

"कोणाचं देणं?"

"एका रुपयाचं नाई."

"मुलीच्या सासरी काही कबूल केलंय?"

मोतीरामजी खुर्चीत ताठ झाले. "हुंडामुक्त लग्न झालं मॅडम आमच्या पोरीचं. पेपरात फोटो आलता."

फोटो आला होता, खोटं नव्हे. पण फोटोच्या आधी झालं होतं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आणि त्या दिवशी समाजभवनात काय झालं ते तिथं जेवलेल्या प्रत्येकाला आठवतं. मुलाचे वडील खुशालराव, मोर्शीचे, आवाज तर असा की माईकची गरज नाही, तरी त्यांनी माईक घेतला. म्हणाले, आमी हुंडा घेत नाई, पोरगी नेसत्या लुगड्यानिशी द्या. टाळ्या पडल्या. आणि मोतीरामजींना भरून आलं. त्यांनीही माईक मागितला. आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात. म्हणाले, "आज मी काई देत नाई. पन स्वप्निल माहा पोरगाच हाय. मी रिटायर झालो का त्याच्या धंद्याले उभं करीन. हा माहा शब्द हाय." त्यांना खुशालरावांपेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

सुंदराबाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या नव्हत्या. बुंदीचं ताट हातात होतं, हे त्याचं अधिकृत कारण.

हे सगळं नईमा मॅडमना सांगायचं म्हणजे पेपरातल्या फोटोवर पाणी. शिवाय तो शब्द होता, कर्ज नव्हतं. तो कुठं सातबाऱ्यावर चढला होता? मोतीरामजींनी स्वतःला तसं समजावलं आणि गप्प राहिले.

बाईंनी आराखडा करून दिला. मोठा भाग पोस्टात, ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत, म्हणजे तीन-तीन महिन्यांनी घरखर्चाला व्याज. काही बँकेत, दुखण्याखुपण्यासाठी. थोडं म्युच्युअल फंडात, तेही दहा वर्षं हात न लावण्याच्या बोलीवर. दोघांचा आरोग्यविमा. प्लॉट नाही, दुप्पट नाही, सोनं नाही.

"काका, या पैशाला एकच काम आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आणि तुमच्यानंतर काकू, कोणापुढे हात पसरायचा नाही. दुसरं काम यात बसत नाही. मी मोजून पाहिलंय."

"बसवाचंच नाई," मोतीरामजी म्हणाले, आणि त्या क्षणी ते अगदी मनापासून म्हणाले.

पहिलं वर्ष बरं गेलं. व्याज आलं की सुंदराबाई डब्यातल्या तुरीच्या डाळीला हात लावून बघायच्या, भरलेली आहे ना. मोतीरामजी गल्लीतले सल्लागार झाले. कोणी चिटफंडाचं नाव काढलं की यांचा प्रश्न तयार. भाजीवाल्यानं सांगितलं, काका, मेथी घ्या, एकदम ताजी. तर त्यालाही विचारलं, मी घेतली तं तुले काय भेटते? भाजीवाला म्हणाला, पैसे भेटते. गल्ली पोट धरून हसली, तेही हसले. एवढे हलके ते कधी दिसले नव्हते.

मग एका सकाळी दारात गाडी थांबली. खुशालराव उतरले, मागून स्वप्निल, हातात संत्र्यांची पेटी.

"जयभीम, इवाई. कसं काय, रिटायर मानूस?"

व्याही आले म्हणून सुंदराबाईंनी कढई ठेवली. पहिला घाणा निघेपर्यंत विषय निघाला. स्वप्निल आणि त्याचा एक दोस्त मिळून संत्र्याला मेण लावायची, प्रतवारी करायची मशीन टाकणार होते. शेड ठरली होती. दोस्ताचा वाटा तयार होता. स्वप्निलचा वाटा पंधरा लाख.

"तुमीच बोल्लते म्हनून थांबलो बाप्पा," खुशालराव भजं मोडत म्हणाले. "नाई तं मी वावर गहान टाकत होतो. मंग म्हनलं, कावून? आपल्या इवायाचा शब्द हाय. पाचशे लोकाईनं आयकला."

स्वप्निल मान खाली घालून बसला होता. पोरगा वाईट नव्हता. हेच वाईट होतं. तो वाईट असता तर मोतीरामजींना चार शब्द सुचले असते.

दुसऱ्या दिवशी ते अकोल्याला गेले. पासाची मुदत संपली होती, तिकीट काढलं. या वेळी मिशीला कलप नव्हता. गल्लीनं त्याचाही अर्थ लावला.

सगळं सांगून झाल्यावर नईमा मॅडमनी आराखडा पुढे ओढला.

"मी विचारलं होतं, काका."

"हुंडा विचारला होता तुमी. हा हुंडा नाई."

"मग काय आहे?"

मोतीरामजींनी काखेतली बॅग मांडीवर घेतली.

"ऐका," बाई म्हणाल्या. "दोन लाख द्या. परत येणार नाहीत असं समजून द्या. बाकीच्याला नाही म्हणा. तुमच्या तोंडून निघत नसेल तर माझं नाव घ्या. म्हणा, अकोल्याची बाई पैसे काढू देत नाही, फार खडूस आहे. हे काम माझ्या फीतच येतं."

बसमध्ये बसल्या बसल्या मोतीरामजींनी ते वाक्य पाठ केलं. मूर्तिजापूरपर्यंत जमलं होतं. बडनेऱ्याला आवाजही चढवून पाहिला. शेजारचा प्रवासी उठून पुढच्या सीटवर गेला.

मोर्शीला मात्र त्याचं पार भजं झालं. खुशालरावांच्या ओसरीत चार शेजारी आधीच बसलेले, जणू त्यांना निरोप होता. मोतीरामजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, की दोन लाख आणले आहेत, बाकी मात्र आमच्या सल्लागार मॅडम काढू देत नाहीत.

शेजाऱ्यांनी खुशालरावांकडे पाहिलं. मग खुशालराव हसले.

"कोनत्या मॅडम?"

"अकोल्याच्या. नईमा मॅडम. नोंदनी हाय त्याईची."

"मने पोरीचा संसार तुमी अकोल्याच्या बाईले विचारून करता? साक्षगंधात शब्द देल्ला तवा कोनती बाई होती?" मग शेजाऱ्यांकडे वळून, "पाहा बाप्पा. आमी हुंडा नाई घेतला थे आमचं चुकलं."

शेजारी हसले. त्यात एक जण तर त्या दिवशी समाजभवनात टाळ्या वाजवणारा होता.

मोतीरामजींना अजूनही बोलता आलं असतं. पाठ केलेलं वाक्य अर्धं शिल्लक होतं. पण तेवढ्यात गीतांजली पाण्याचे ग्लास उचलायला आली, आणि ते हात धुण्याच्या निमित्तानं तिच्यामागं मोरीवर गेले.

"पोरी, तू सांग. काय करू?"

गीतांजलीनं बापाच्या हातावर पाणी घातलं. डोळे तांब्यावर.

"बाबा, तुमी संध्याकाळी घरी जासान," ती म्हणाली. "मले इथंच राहाचं हाय."

ती रडली नाही, तिनं काही मागितलंही नाही. मोतीरामजींनी हात शर्टालाच पुसले, ओसरीवर आले आणि म्हणाले, मोडतो पोस्टातले.

मुदतीआधी मोडले म्हणून थोडे कापून मिळाले. पंधरा पूर्ण करायला फंडातलेही काढले. दहा वर्षांची बोली दीड वर्षात सुटली. चेक दिला त्या दिवशी मोर्शीत पेढे वाटले गेले आणि खुशालरावांनी मोतीरामजींना मिठी मारली. गल्लीत पार्बताबाई म्हणाल्या, मानूस असावा तं असा. त्या खरंच तसं मानत होत्या, आणि गल्लीतलं कोणीही वेगळं मानत नव्हतं.

मशीन आली. उद्घाटनाला रिबीन कापायला मोतीरामजींनाच बोलावलं. त्या मोसमात आंबिया बहाराची फळगळ अशी झाली की बागांखाली संत्र्यांचा सडा. जो माल राहिला तो व्यापाऱ्यांनी झाडावरच घेतला आणि आपल्या जुन्या ठिकाणी नेला. दोस्तानं आपला हिस्सा मागितला; तो द्यायला खुशालरावांनी वावर गहाण टाकलंच. शेडमध्ये मशीन उभी आहे. स्वप्निल आठवड्यातून एकदा तिचा पट्टा फिरवून बघतो, गंजू नये म्हणून. सासऱ्यासमोर तो आता येत नाही. फोन केला तर गीतांजली उचलते आणि सगळं बरं आहे म्हणते.

वर्षाचा आढावा घ्यायला नईमा मॅडमनी बोलावलं तेव्हा या खेपेला सुंदराबाई म्हणाल्या, "मी येतो तुमच्यासंग. पाहू तं द्या कशी हाय थे."

दोघं गेली. अकोल्याचं ऊन सकाळीच जिन्यावर चढलेलं. खाली दातांच्या दवाखान्यात कोणीतरी कण्हत होतं. नईमा मॅडमनी सुंदराबाईंना पंख्याखालची खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कागद समोर घेतला. रागावल्या नाहीत. मोतीरामजींना वाटलं होतं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काका, आता जे उरलंय त्यावर हा खर्च चालणार नाही. तुम्हाला काम बघावं लागेल."

"पाह्यलं मॅडम. नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात वाचमनचं भेटून राहिलं. बारा घंटे उभं राहाचं हाय."

"किती वर्षं जमेल?"

"पाय हायेत तवरीक."

"आणि विम्याचा हप्ता या वर्षी भरायचा की नाही, ते ठरवा. मी म्हणेन भरा. पण मग महिन्याच्या खर्चातून अजून काढावं लागेल."

"कायातून काढाचं?" सुंदराबाईंनी विचारलं. पहिल्यांदाच त्या बोलल्या होत्या.

नईमा मॅडमनी खर्चाचा कागद त्यांच्याकडे वळवला. सुंदराबाईंनी तो वाचला नाही.

"तुमी मले एक सांगा बाई. हे माह्यापेक्षा नऊ वर्सानं मोठे हायेत. हे गेल्यावर माहं कसं?"

खाली दवाखान्यातलं मशीन सुरू झालं आणि बंद झालं. नईमा मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या जागी श्याम असता तर त्यानं ताईला काहीतरी डबल करून दिलं असतं, निदान बोलण्यात तरी.

"काकू, यात तुमच्यापुरते पैसे उरत नाहीत," त्या म्हणाल्या. "घर आहे. ते काकांना तुमच्या नावावर करायला सांगा, आजच. आणि ते कोणाला द्यायचा शब्द कुठे दिलाय का, तेही आज विचारून घ्या."

सुंदराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मोतीरामजींनी मान हलवली, नाही म्हणून. सुंदराबाई पाहतच राहिल्या. नाही म्हणणारा तो माणूस या खुर्चीत आधीही बसून गेला होता.

फी द्यायची वेळ आली तेव्हा नईमा मॅडम म्हणाल्या, या वर्षी राहू द्या. मोतीरामजींना ते लागलं. फोन काढून त्यांनी तिथंच पैसे टाकले, हातानं चार वेळा आकडा चुकला तरी. पावती घडी करून खिशात ठेवली.

परतीच्या बसमध्ये सुंदराबाई खिडकीशी. मूर्तिजापूरला बस थांबली, चहावाला खिडकीखाली आला, त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"शाळेतल्या खिचडीवर बाई पायजे म्हनत होते," बस सुटल्यावर त्या म्हणाल्या. "मी जातो विचाराले."

"तुह्ये गुडघे?"

"गुडघ्याले कोन विचारून राहिलं?"

मोतीरामजींनी खिशातली पावती चाचपली. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "कशी वाटली बाई?"

"चांगली हाय," सुंदराबाई म्हणाल्या. "माह्या साक्षगंधाच्या वेळेस असती तं बरं झालं असतं."

त्यांनी खिडकीची काच ओढून लावली. ती बसेना, म्हणून मोतीरामजींनी हात पुढं केला; त्यांनी तो बाजूला सारला आणि काच अर्धी उघडीच राहू दिली. बडनेरा येईपर्यंत ऊन दोघांच्या तोंडावर येत राहिलं.